कडेचा प्रतिध्वनी आणि सेन्सरची जागा

2 मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्यावर गाइडेड वेव्हने (पत्र्यातून पसरत जाणाऱ्या ध्वनिलहरींनी) भेगा शोधताना पत्रा धडधाकट असूनही नुकसान दिसत होतं. शंका आधी सेन्सरच्या चिकटवणीवर गेली. दोष सेन्सरच्या जागेचा निघाला.

सेन्सर म्हणजे पायझो चकत्या (विजेवर थरथरून लहर उठवणाऱ्या आणि आलेली लहर टिपणाऱ्या) कडेपासून 20 मिमीवर होत्या. 100 किलोहर्ट्झच्या 5 आवर्तनांचा स्पंद 50 मायक्रोसेकंद टिकतो. ए-झीरो लहर (पत्रा वरखाली वाकवत जाणारी) तेवढ्यात साधारण 11 सेंमी जाते, म्हणून कडेवरून 4 सेंमीचा फेरा मारून आलेला प्रतिध्वनी थेट सिग्नलवरच चढतो. तापमान जरा बदललं की ही सरमिसळ बदलते आणि भेगेसारखी भासते. चकत्या 80 मिमी आत घेतल्यावर दोन्ही वेगळे झाले. एस-झीरो लहर (पत्रा ताणत-दाबत जाणारी) दुपटीहून वेगवान, तिच्यासाठी कडेपासून 14 सेंमी तरी लागतील.

चकती 7 मिमी व्यासाची घेतली, म्हणजे ए-झीरोच्या तरंगलांबीच्या जवळपास निम्मी; त्यामुळे ती लहर ठळक उठते. चकती चिकटवणाऱ्या इपॉक्सीचा थर पातळ आणि सगळीकडे सारखाच हवा. एका चकतीपासून दुसरीकडे जाणारे लहरींचे मार्ग एकाच दिशेचे ठेवू नका: मार्गाला समांतर असलेली बारीक भेग बहुधा निसटते, म्हणून तिरके मार्ग लागतातच. बेसलाइन, म्हणजे धडधाकट पत्र्याचा तुलनेसाठीचा सिग्नल, वेगवेगळ्या तापमानांना नोंदवा.