उन्हाला टिकणारी गाय शोधताय? या चुका टाळा

‘उन्हाला टिकणारी गाय कोणती?’ असं विचारलं की दहातले आठ जण डोळे मिटून गीर सांगतात. नाशिक जिल्ह्यात मात्र आधी तालुका विचारावा. मालेगाव-नांदगावकडे कोरडं ऊन, मे महिन्यात पारा चाळिशीपार. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे चार महिने नुसती ओल. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि जनावर निवतं. दमट हवेत तो वाळतच नाही.

पहिली चूक इथेच होते: फक्त तापमान बघणं. तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात, तो ७२ च्या पुढे गेला की होल्स्टीन या विदेशी दुधाळ गाईचं दूध घटू लागतं. ३२ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेला तो साधारण ७७ येतो. २७ अंश आणि ९० टक्क्यांना ७९. म्हणजे जुलैतला ढगाळ, ‘थंड’ वाटणारा दिवस गाईला जड जाऊ शकतो. त्यात गोठ्यात पाण्याचे बारीक तुषार सोडणारे फॉगर लावले तर ओल आणखी वाढते. पावसाळ्यात पंखा लावा आणि भिंती मोकळ्या ठेवा.

दुसरी चूक मोबाइलवरच्या याद्यांची. ब्राह्मन, सांता गर्ट्रूडिस ही नावं वाचून लोक भारावतात. ती मांसासाठी घडवलेली गुरं, निवड वजनवाढीवर. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे आपला हिशेब दूध, शेण आणि औताचा. गंमत अशी की ब्राह्मनचे पूर्वज आपलेच: गीर, कांकरेज, ओंगोल. गळ्याखाली लोंबणारी पोळी, सैल कातडी, तुकतुकीत आखूड केस ही उष्णता सोसण्याची शिदोरी इथूनच अमेरिकेत गेली.

संकरित गाय ठेवायची तर ठेवा, पण दर वेळी होल्स्टीनचंच रेतन करू नका. पहिल्या पिढीत विदेशी रक्त ५० टक्के, पुढच्या कालवडीत ७५, मग साडेसत्याऐंशी. दुधाचा आकडा कागदावर चढतो आणि मे महिन्यात गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते. गोचीड ताप संकरितांना जास्त छळतो तो वेगळाच. ५०-६० टक्क्यांवर थांबलेलं बरं.

खरेदी डिसेंबरात करणं हीही चूकच. थंडीत सगळ्याच गाई गुणी असतात! आम्ही तेच केलं आणि उन्हाळ्यात बादली निम्म्यावर आली. गाय बघायची ती मे महिन्यात, दुपारी तीनला, सावलीत. कुशीची हालचाल मोजा. मिनिटाला ८० च्या वर श्वास आणि तोंडातून लाळेची तार दिसली तर परत फिरा.

घाटमाथ्यावर मात्र मी डांगी या इथल्या देशी जातीलाच कौल देईन. दूध कमी, हे खरं. पण तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाऊस अंगावरून ओघळून जातो. आणि काळे, टणक खूर भाताच्या चिखलात सडत नाहीत. घोटीच्या बाजारात डांगी घेताना आधी खूर बघा, मग पाठीवरून तळहात फिरवा. हाताला तेलकटपणा लागला पाहिजे.