वावर न विकता अमेरिकेत इंजिनिअरिंगचे प्रोफेसर कसं व्हायचं

पोट्टेहो, प्रोफेसरच व्हायचं असंल तर एमएससाठी लाखो रुपयाचं लोन अन बापाच्या वावराचा सातबारा बँकेत, हा रस्ता आपला नाही. तिकडं इंजिनिअरिंगची पीएचडी बहुतेक पगारी असते, टीए (शिकवण्यात मदत) नाहीतर आरए (रिसर्चमधी मदत) असं काम भेटलं की ट्युशन माफ अन वरून महिन्याचा स्टायपेंड, साधं राहिलं तर एकट्याचं भागते. आपली बीई चार वर्षांची असल्यानं बऱ्याच युनिव्हर्सिट्या डायरेक्ट पीएचडीला घेतात. तरी गेट देऊन व्हीएनआयटी नाहीतर आयआयटीत एमटेक केलं तर वाया जात नाही, एखादा रिसर्च पेपर निघाला तर पुढं लय कामी येतो.

कोर्स ऑगस्टमधी सुरू होतो पण फॉर्मची शेवटची तारीख बहुतेक आदल्या डिसेंबरातच, म्हणून सोयाबीन घरात यायच्या आत टोफेल नाहीतर आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा उरकून घ्या अन विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टही (सगळ्या मार्कांचा अधिकृत कागद) मागून ठेवा. जीआरई ही प्रवेश परीक्षा बऱ्याच डिपार्टमेंटनं बंद केली, आधी वेबसाइट पाहा मगच पैसे भरा.

शिफारसपत्रं तीन लागतात. एचओडी आहेत म्हणून त्यांच्याकडं जाऊ नका, ज्यांच्या हाताखाली प्रोजेक्ट केला त्या सरांना धरा. "तूच लिहून आण, मी सही करतो" असं म्हणणारे सर भेटतातच, त्यांना आपण काय काय केलं ते मुद्दे कागदावर द्या पण लिहायला त्यांनाच लावा, कारण तिन्ही पत्रं एकाच हातची निघाली की कमिटीच्या लगेच ध्यानात येते.

अन तिकडच्या प्रोफेसरला मेल करतानी "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" हे नको बाप्पा. त्याचा एक पेपर खरंच वाचा अन पाच-सहा ओळीत लिहा, मी कोण, तुमच्या पेपरमधली अमुक गोष्ट पटली किंवा अडली, मी तसलं काय केलं अन पुढच्या वर्षी जागा आहे का. विहिरीवरच्या मोटरचं व्हायब्रेशन मोजलं असंल तर तेच लिहा, लाजायचं काय त्यात! शंभर जणांना एकच मेल धाडला तर उत्तर येत नाही.

ऑफर आली की नाचायच्या आधी पत्र वाचा: फंडिंग किती वर्षांचं, नऊ महिन्यांचं का बारा, इन्शुरन्स कोण भरते, फी वेगळी आहे का. फंडिंगवाल्या ऑफरला बऱ्याच युनिव्हर्सिट्या 15 एप्रिलपर्यंत मुदत देतात, कोणी घाई केली तर तेवढं विचारा.

पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, वर एखादी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती रिसर्चची नोकरी). एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर ओपीटीचं (शिक्षणानंतर नोकरी करायच्या परवानगीचं) एक वर्ष अन स्टेमवाल्याला (सायन्स-इंजिनिअरिंगवाल्याला) आणखी दोन भेटतात, त्यात नोकरी शोधायची. असिस्टंट प्रोफेसर झाले म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. गावात लोक म्हणतीन "एवढं शिकून मास्तरच झाला का बे?", पण शिकवणं हे निम्मंच काम, बाकी ग्रँट (रिसर्चसाठी पैसा) आणायची, एनएसएफसारख्या सरकारी निधी देणाऱ्या ठिकाणी प्रपोजल टाकायचे, बरेचसे रिजेक्ट होतात, पुन्हा टाकायचे. पगार बहुतेक नऊ महिन्यांचा, उन्हाळ्याचा पगार ग्रँटमधून काढा. साधारण सहाव्या वर्षी टेन्यूअरचा (कायम नोकरीचा) फैसला, बाहेरचे प्रोफेसर तुमच्या कामावर पत्रं लिहितात, नाही भेटलं तर बहुतेक एक वर्ष देऊन रामराम.

एक बरं आहे, युनिव्हर्सिटीच्या नोकरीत एच-1बी (नोकरीचा व्हिसा) साठी लॉटरीत नंबर लागायची वाट पाहावी लागत नाही. पण ग्रीन कार्डाच्या लाइनीत भारतात जन्मलेला माणूस लय वर्षं अडकते, म्हणून पेपर, सायटेशन, कोणाचे पेपर रिव्ह्यू केले, सगळ्याचा हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवा, ईबी-1बी (नावाजलेल्या प्रोफेसर-संशोधकांसाठीचा ग्रीन कार्डाचा वेगळा रस्ता) च्या फाइलीत तेच लागते.

आईबाबाले बोलवायचं तर व्हिजिटर व्हिसावर बहुतेक सहा महिने राहू देतात, पण मृगापासून कापूस वेचून होईपर्यंत बाबा वावर सोडत नाहीत अन फेब्रुवारीत तिकडं अर्ध्या भागात बर्फ, म्हणून एप्रिल-मेचंच तिकीट काढा, अन मेडिकल इन्शुरन्स आधी.