चेक्सचा शर्ट, लायनिंगचा टाय: या चुका टाळा

लग्नसराई आली किंवा कॉलेजात प्लेसमेंट सुरू झाली की कपाटातले टाय बाहेर निघतात. प्लेन पांढऱ्या शर्टवर प्लेन नेव्ही ब्लू टाय लावणाऱ्याचं कधीच काही बिघडत नाही. घोळ होतो तो शर्टही डिझाइनचा आणि टायही डिझाइनचा असला की. आरशासमोर उभं राहिल्यावर काहीतरी खटकतं, पण काय ते सापडत नाही. मग रंगाला दोष देऊन दुसऱ्या रंगाचा टाय शोधायला सुरुवात होते. रंग बहुतेकदा निर्दोष असतो. दोन्ही डिझाइनं एकाच मापाची झालेली असतात, भांडण तिथलं असतं.

एकाच मापाची दोन डिझाइनं

बाकीच्या चुका खपून जातात, ही खपत नाही. शर्टवर २-३ मिलिमीटरवर बारीक निळ्या उभ्या रेघा आणि टायवरही तेवढ्याच बारीक तिरक्या रेघा असल्या, तर समोरच्याची नजर कुठेच ठरत नाही. शर्ट कुठे संपला आणि टाय कुठे सुरू झाला ते कळत नाही, छातीवर सगळं नुसतं वळवळत राहतं. आता रंग तेच ठेवा आणि टायवरचे पट्टे दीड-दोन सेंटीमीटर रुंद घ्या. टाय लगेच शर्टपासून सुटा दिसायला लागतो.

म्हणजे लायनिंगवर लायनिंग चालतं, चेक्सवर चेक्सही चालतात. फक्त एक डिझाइन दुसऱ्याच्या निदान तिप्पट मोठं हवं, आणि मोठं डिझाइन टायकडे असावं. मोठ्या चौकड्यांच्या शर्टवर बारीक बुट्ट्यांचा टाय लावला की टाय हरवतो. तसंही बोटभराहून मोठ्या चौकडीचा शर्ट हा टायसाठी नसतोच. तो सुट्टीच्या दिवशी, बाह्या दुमडून घालायचा.

ठिपक्यांच्या टायमध्ये एक खोच आहे. लोक ठिपका किती मोठा ते बघतात, बघायचं असतं दोन ठिपक्यांमधलं अंतर. गुलाबी बारीक लायनिंगचा शर्ट घ्या. त्यावर नेव्ही टाय, टायवर मोहरीएवढे पांढरे ठिपके, पण एकमेकांपासून दीड सेंटीमीटर लांब. फार सुरेख दिसतं. तेच ठिपके दाटीवाटीने आले की शर्टच्या रेघांशी त्यांची झटापट सुरू होते, कारण लांबून त्या ठिपक्यांच्याही रेघाच दिसतात.

दोन डिझाइनं वेगळ्या जातीची असली की काम सोपं होतं. कोयरी यात सगळ्यात गुणी. काश्मिरी शालींवरची ही कोयरी १९व्या शतकात स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या मागांवर विणली जात होती, आणि पुढे ती टायवरही स्थिरावली. तिची वळणं शर्टच्या सरळ रेघांना छेद देतात, म्हणून लायनिंगच्या शर्टवर कोयरीचा टाय सहसा फसत नाही. लहान चेक्सवर रुंद तिरके पट्टेही चांगले. मात्र उभ्या लायनिंगच्या शर्टवर आडव्या पट्ट्यांचा टाय लावलात, तर खिडकीच्या गजांसारखी जाळी तयार होते.

तपासायला आरसा पुरत नाही, कारण आपण त्याच्या फार जवळ उभे असतो. शर्ट हँगरवर लावून दाराला अडकवा, टाय त्यावर सोडा आणि सात-आठ पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा. किंवा मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. राखाडी फोटोत टाय शर्टपेक्षा स्पष्ट गडद दिसला तर पुढे जा. दोन्हींचा एकच करडा गोळा झाला असेल, तर टाय परत कपाटात.

रंग ‘मॅच’ करण्याचा अतिरेक

शर्टच्या रेघेचा रंग टायमध्ये कुठेतरी डोकावला की पुरे. संपूर्ण टाय त्याच रंगाचा, त्यात रुमालही त्याच कापडाचा, असं करायची गरज नाही. आहेरात येणारा तो खोका आठवा: शर्ट, टाय, रुमाल, कफलिंक, सगळं एकाच मरून सॅटिनमधलं. देणाऱ्याचं प्रेम मान्य, पण खोक्यातलं सगळं एकदम अंगावर चढवलं की नवरदेवापेक्षा बँडवालाच जास्त वाटतो. टाय एक दिवस वापरा, रुमाल दुसऱ्या दिवशी. कोटाच्या खिशाला प्लेन पांढरा रुमाल कायम शोभतो.

सॅटिनची चमक हाही वेगळा ताप. रिसेप्शनच्या स्टेजवर हॅलोजनच्या प्रकाशात चमकणारा टाय फोटोत पांढरा पडतो आणि त्यावरचं डिझाइन दिसतच नाही. मॅट कापडाचा किंवा जाडसर विणीचा टाय अशा वेळी लाज राखतो.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. साडी घेताना बायका पदर दाराशी नेऊन उजेडात बघतात, दुकानदारही काही म्हणत नाही. टाय घेताना तसं करणारा पुरुष मात्र क्वचितच दिसतो. नेव्ही आणि काळा, मरून आणि चॉकलेटी या जोड्या आतल्या दिव्यात हमखास फसवतात.

तिसरा पाहुणा: कोट

शर्ट आणि टाय जमले, मग त्यावर चॉक-स्ट्राइपचा, म्हणजे खडूने ओढल्यासारख्या रेघांचा कोट चढवला आणि सगळं विस्कटलं, असंही होतं. तीन डिझाइनं एकत्र आणणं हे सरावलेल्यांचं काम. १९३६ मध्ये ब्रिटनची गादी सोडलेला आणि पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेला आठवा एडवर्ड चेक्सवर लायनिंग आणि त्यावर ठिपके बिनदिक्कत घालायचा, आणि ते त्याला शोभायचं. (टायची जाडजूड विंडसर गाठ त्याच्या नावाने ओळखली जाते, पण तो स्वतः साधी गाठच बांधायचा, फक्त टाय जाड अस्तराचे शिवून घ्यायचा.) आपल्याकडे त्याचे शिंपी नाहीत. तेव्हा शर्ट आणि टाय दोन्ही डिझाइनचे असतील तर कोट प्लेन ठेवावा. कोटाची छातीवर दुमडलेली कॉलर आणि टाय यांची रुंदीही साधारण सारखी असावी. रुंद कॉलरवर ५ सेंटीमीटरचा टाय सुतळीसारखा लोंबतो. साधारण ८ सेंटीमीटरचा टाय बहुतेक कोटांवर खपतो.

तिरके पट्टे आणि परदेश

इथे पुण्या-मुंबईत कोणी विचारणार नाही, पण इंग्लंडला शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे तिरक्या पट्ट्यांची ठरावीक रंगसंगती ही एखाद्या पलटणीची, शाळेची किंवा क्लबची खूण असते. क्रिकेटवेड्यांना ओळखीचं उदाहरण म्हणजे लॉर्ड्सवरच्या एमसीसी या क्रिकेट क्लबच्या सदस्यांचा लाल-पिवळा टाय. सदस्य नसताना तो लावून गेलात तर कोणी हटकणार नाही कदाचित, पण भुवया नक्की उंचावतील. ब्रिटिश पट्टे सहसा घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडे खाली उतरतात. अमेरिकेत ब्रूक्स ब्रदर्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उलटे फिरवले. उलट्या पट्ट्यांचा टाय घेतला की कोणाच्या पलटणीत नकळत भरती व्हायचा धोका कमी.

ऑनलाइन मुलाखत

कॅमेऱ्यासमोर सगळं गणित बदलतं. बारीक लायनिंग, बारीक चेक्स, हाउंडस्टूथ (दातेरी चौकडी) हे स्क्रीनवर थरथरतात, रंगीत लाटा उठल्यासारख्या दिसतात. कापडावरच्या रेघांचं माप आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या पिक्सेलचं जाळं एकमेकांत अडकलं की हे होतं, त्याला मॉयरे म्हणतात. आरशात निर्दोष दिसलेली जोडी इथे दगा देते. म्हणून आदल्या दिवशी व्हिडिओ सुरू करून एकदा बघा. लाटा दिसल्या तर शर्ट बदला. टाय क्वचितच दोषी असतो, कारण चौकटीत शर्टच जास्त दिसतो.

अर्ध्या बाह्यांच्या शर्टवर टाय लावू नये, असं फॅशनवाले सांगतात. दुपारी बारा वाजता डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या एमआरला हे सांगायची माझी तरी हिंमत नाही. त्याने बारीक लायनिंगच्या शर्टवर प्लेन गडद टाय लावावा, बाकी हवामानाला माफ.

आधीच घेऊन ठेवलंय, आता काय?

सगळे शर्ट-टाय पलंगावर पसरा. शर्टांचे तीन ढीग करा: प्लेन, बारीक डिझाइन, मोठं डिझाइन. टायचेही तसेच तीन. बारीक डिझाइनच्या शर्टाला मोठ्या डिझाइनचा टाय, मोठ्या डिझाइनच्या शर्टाला प्लेन टाय, प्लेन शर्टाला कुठलाही. बारीक टाय उरले तर ते प्लेन शर्टासाठीच ठेवा, दुसरीकडे त्यांचा उपयोग कमी. जोडी जमली की दोन्ही एकाच हँगरवर अडकवून ठेवा, म्हणजे सकाळी घाईत डोकं चालवावं लागत नाही.

हॉलवर पोचल्यावर, गाडीच्या काचेत बघून चूक लक्षात आली तर? कोटाचं बटण लावा, टायचा बराच भाग झाकला जातो. तरीही खटकत असेल तर टाय सरळ काढून खिशात ठेवा आणि कॉलरचं वरचं बटण उघडा. आणि पुढच्या वेळेसाठी नेव्ही रंगाचा, विणलेला, खालून सपाट कापलेला एक प्लेन टाय घेऊन गाडीच्या डिकीत टाकून ठेवा. तो जवळजवळ कुठल्याही लायनिंग-चेक्सवर निभावून जातो, आणि गुंडाळी करून ठेवला तर इस्त्रीही लागत नाही.