डब्यांचा हिशेब: साध्या मजकुरातला तक्ता आणि रकान्याचं सूत्र

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे ताई, मिरजेत डबे देतात. गिऱ्हाईक म्हणजे होस्टेलची मुलं, पेशंटसोबत आलेली माणसं आणि दोन-तीन एकटी आजी-आजोबा. स्वयंपाक त्यांचा, हिशेब माझा. मी दिवसभर टायपिंगचं काम करते ते ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्येच, म्हणून हिशेबही तिथेच, त्यातल्या टिपणं आणि तक्ते ठेवायच्या ऑर्ग मोडमध्ये. हा ऑर्ग मोड कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली सुरू केला. ईमॅक्ससोबत तो आपोआप येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. फाइल साध्या मजकुराची असते, म्हणजे कुठल्याही फोनवर उघडते आणि सूत्रं तक्त्याच्या खालीच लिहिलेली दिसतात. मला ती लपलेली नसतात, हेच आवडतं.

तक्ता असा. उभी रेघ देऊन नावं लिहायची. दुसऱ्या ओळीत उभी रेघ आणि एक आडवी रेघ एवढंच टाइप करून टॅब दाबला की पूर्ण आडवी रेघ आखली जाते.

| नाव | डबे | दर | रक्कम | जमा | बाकी |
|-----+-----+-----+-----+-----+-----|
| खोली 12 | 26 | 80 | | 1500 | |
| बँकेतले साहेब | 22 | 80 | | 1760 | |
| वाड्यातल्या आजी | 30 | 70 | | | |
|-----+-----+-----+-----+-----+-----|
| एकूण | | | | | |

ती वरची आडवी रेघ शोभेची नाही. तिच्या वरच्या ओळी शीर्षक धरल्या जातात आणि रकान्याचं सूत्र त्यांना हात लावत नाही. पहिल्या महिन्यात मी रेघच विसरले होते आणि ‘रक्कम’ या शब्दाच्या जागी भलतंच काहीतरी येऊन बसलं.

आकडे मात्र तक्त्यात इंग्रजीच टाकायचे. लिहिताना मी २६ लिहीन, पण गणित करणाऱ्या, ईमॅक्समधल्याच कॅल्कला देवनागरी आकडे कळत नाहीत. मराठी नावांमुळे उभ्या रेघा जराशा वाकड्यातिकड्या दिसतील. जोडाक्षरांची आणि मात्रांची रुंदी सगळ्या फॉन्टमध्ये नीट बसत नाही. दुर्लक्ष करा, हिशेबाला त्याने काही होत नाही.

आता सूत्र. खोली १२च्या ओळीत रक्कम या घरात जायचं, तिथे =$2*$3 टाइप करायचं आणि टॅब. डॉलर म्हणजे रकाना: दुसरा गुणिले तिसरा. घरात २०८० येतं आणि तक्त्याखाली एक नवी ओळ उगवते. तिची सुरुवात #+ ने, पुढे इंग्रजी अक्षरांत टी-बी-एल-एफ-एम, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि सूत्र: $4=$2*$3. चौथ्या रकान्याचा नियम एकदाच लिहिला गेला, गिऱ्हाईक दहा असोत की पन्नास. ‘बाकी’ या घरात तसंच =$4-$5. इतर ओळी भरायला कंट्रोल-यू, मग कंट्रोल-सी आणि तारा (*). नाहीतर कर्सर सूत्रांच्या ओळीवर नेऊन कंट्रोल-सी दोनदा. मला दुसरं सोपं पडतं.

आजींनी अजून काही दिलेलं नाही, जमेचं घर रिकामं. चालतं, वजाबाकीत रिकामं घर शून्य धरलं जातं.

आकडा बदलला म्हणून रक्कम आपोआप बदलत नाही, हे लक्षात ठेवा. २६चे २४ केले तरी २०८० तसेच राहतात, जोवर तुम्ही पुन्हा गणित करायला सांगत नाही. म्हणून कुणालाही रक्कम कळवण्याआधी कंट्रोल-सी कंट्रोल-सी. मला आता ती दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करण्यासारखी सवय झाली आहे.

खरी गंमत एकूणच्या ओळीत आहे. रकान्याचा नियम त्या ओळीलाही लागतो! एकूण डबे गुणिले रिकामा दर, म्हणजे शून्य. तिथे त्या घराचं स्वतःचं सूत्र द्यावं लागतं, आणि घराचं सूत्र रकान्याच्या सूत्राला भारी पडतं. अॅट (@) म्हणजे ओळ, @> म्हणजे शेवटची, @>> म्हणजे शेवटून दुसरी. आडव्या रेघा ओळी म्हणून मोजत नाहीत, म्हणून पहिलं गिऱ्हाईक @2 वर. बेरजेच्या फंक्शनचं नाव व्हीसम (व्ही-एस-यू-एम), लहान इंग्रजी अक्षरांत. एका घराचं सूत्र दुसऱ्यापासून :: ने तोडायचं. सगळी ओळ मिळून अशी (अक्षरं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत):

#+टीबीएलएफएम: $4=$2*$3::$6=$4-$5::@>$2=व्हीसम(@2..@>>)::@>$4=व्हीसम(@2..@>>)::@>$5=व्हीसम(@2..@>>)::@>$6=व्हीसम(@2..@>>)

शेवटचं @>$6 अनावश्यक वाटेल. एकूण रकमेतून एकूण जमा वजा केली की बाकी येतेच की! पण आधी रकान्यांची सूत्रं चालतात, मग घरांची. म्हणजे बाकी काढताना एकूण रक्कम अजून जुनीच असते आणि पहिल्या फेरीत चुकीचा आकडा मिळतो. बाकीची स्वतंत्र बेरीज ठेवली की ती भानगड नाही, आणि वर पडताळाही होतो. आमच्या तक्त्यात ५९४० वजा ३२६० आणि बाकीच्या रकान्याची बेरीज, दोन्हीकडे २६८० यायला हवेत.

आता माझी फजिती. आगाऊ पैसे देणाऱ्यांना ताई पाच टक्के सवलत देतात. मी सवलतीचा रकाना काढला आणि सूत्र लिहिलं $4/100*5. सूत्र सगळ्याच ओळींना लागतं, त्यात आजींच्या २१०० वर सवलत आली ४.२. ताई चष्मा पुढे घेऊन बघत म्हणाल्या, “अगं, पाच टक्के म्हणजे चार रुपये होय?” कॅल्कमध्ये गुणाकार भागाकारापेक्षा घट्ट बांधलेला असतो. त्याने आधी 100*5 केलं, मग २१०० भागिले ५००. शाळेत डावीकडून उजवीकडे शिकलेल्यांनी इथे कंस घालावा: ($4/100)*5. किंवा $4*5/100, तेही बरोबर १०५ देतं. मी कंसच घालते, नंतर वाचायला बरं.

सूत्रात कुठला रकाना कितवा हे विसरायला होतं. कंट्रोल-सी आणि उजवा महिरपी कंस दाबला की तक्त्यावर ओळी-रकान्यांचे क्रमांक उमटतात, पुन्हा दाबला की जातात. सूत्रं लांबली की कंट्रोल-सी आणि एकेरी अवतरणचिन्ह. ती वेगळ्या खिडकीत ओळीओळीने उघडतात.

गेल्या महिन्यात ‘मागील बाकी’ असा रकाना मध्ये घालावा लागला. जमेच्या घरात उभं राहून ऑल्ट-शिफ्ट-उजवा बाण दाबला. जमा सहावी झाली, बाकी सातवी, आणि बाकीचं सूत्र आपोआप $7=$4-$6 झालं. हीच उठाठेव मजकूर कापून-चिकटवून केली असती तर सूत्र जुन्याच क्रमांकांना चिकटून राहिलं असतं. मला फक्त $7=$4+$5-$6 असं करायचं होतं आणि नव्या रकान्याची बेरीज जोडायची होती. ताई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. खोली १२ची एकूण बाकी बघितली आणि लगेच फोन हातात घेतला.