महू ते पाताळपाणी: जुन्या मीटरगेजच्या सोबतीने सायकलवर कसे जावे

सायकलवर इंदूरबाहेर पडायचे आहे, पण ट्रकची वर्दळ नको आणि घाटाची चढणही नको, असे ज्यांना वाटते त्यांनी महू ते पाताळपाणी हा सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा अवश्य निवडावा. 1870 मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीसाठी, इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले आणि त्यातून खंडवा-इंदूर मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला, रेल्वेमार्ग उभा राहिला. घाट उतरण्यापूर्वी माळव्याच्या पठारावर त्या मार्गाचा जो सपाट तुकडा उरतो, तो हाच. गेजबदलाच्या, म्हणजे रुळांमधील अंतर वाढवण्याच्या, कामामुळे 2023 मध्ये येथील रोजच्या गाड्या बंद झाल्या.

मात्र मार्ग बंद म्हणजे रूळ मोकळे, असा अर्थ कोणीही घेऊ नये. डिसेंबर 2018 मध्ये पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी सुरू झाली ती याच मार्गावर. शिवाय रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. म्हणून सायकल गावरस्त्यानेच चालवावी. हा रस्ता रुळांना चिकटून जात नाही, कधी जवळ येतो, कधी शेतांआड जातो. पण त्यामुळेच भराव, मोऱ्या (रुळांखालचे छोटे पूल) आणि फाटके बाजूने, नीट दिसतात.

निघण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पावसाळ्यात पाताळपाणीचा धबधबा भरून वाहतो हे खरे, परंतु काळी माती सायकलस्वाराला सोडत नाही. एका जुलैमध्ये मी डांबरी सोडून पायवाटेवर उतरलो, तेव्हा शंभर पावलांतच मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल इतका घट्ट बसला की चाक फिरेना, आणि काडीने तो उकरण्यात अर्धा तास गेला. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर डांबरी रस्ता सोडू नये.

सायकल साधी असली तरी चालते. टायर फार बारीक नसावेत, दोन्ही ब्रेक आदल्या दिवशी तपासावेत आणि चेनला तेल द्यावे. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर होणे येथे नित्याचे आहे, म्हणून जादा ट्यूब, हातपंप आणि पंक्चर काढण्याचे सामान सोबत ठेवावे. माणशी दोन लिटर पाणी पुरते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सायकल मोटारीच्या कॅरिअरवर बांधून महूपर्यंत न्यावी. इंदूर ते महू हे वीस-एकवीस किलोमीटर मोठ्या रहदारीचे आहेत आणि त्यांतच दमून जाण्यात काही अर्थ नाही. पोहे-जिलेबी खाऊन सकाळी सातच्या सुमारास महूहून निघावे आणि छावणीचा भाग ओलांडताच वेग कमी करावा, कारण पाहण्यासारखे तेथूनच सुरू होते.

ओढा आला की थांबावे. सायकल रस्त्याच्या कडेला उभी करून रुळांखालची जुनी दगडी मोरी बाजूने पाहावी: घडवलेल्या काळ्या दगडांचे थर, त्यांमधील सांधे, वर खडीचा भराव, आणि कोठे बाजूच्या भिंतीवर रंगवलेला पुलाचा क्रमांक किंवा पुराच्या पातळीची खूण. ही खूण आणि ओढ्याचे कोरडे पात्र यांत केवढे अंतर आहे हे पाहिले, की बांधणाऱ्यांनी एवढ्याशा ओढ्यासाठी एवढी रुंद कमान का ठेवली असेल ते समजते. माझ्या मते या फेरीतले सर्वांत मोलाचे क्षण हेच आहेत, धबधब्यापेक्षाही.

पाताळपाणी स्टेशनपाशी टंट्या मामांचे स्मारक आहे. निमाडातील या भिल्ल योद्ध्याला इंग्रजांनी 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला फाशी दिले. घाट उतरण्यापूर्वी ब्रेक तपासण्यासाठी गाड्या येथे थांबत, आणि तो थांबा मामांना दिलेली सलामीच आहे असे लोक मानत आले आहेत. आपणही येथे थांबावे, नमस्कार करावा आणि पुढे सायकल न नेण्याचे नक्की करावे. येथून घाटातल्या काळाकुंड स्टेशनकडे रेल्वेची उतरण चाळीस मीटरला एक मीटर आहे, वाटेत बोगदे आणि उंच खांबांचे पूल आहेत. तो भाग हेरिटेज गाडीत बसूनच पाहावा.

धबधबा सुमारे 300 फूट खोल दरीत कोसळतो. तो कठड्याच्या आतूनच पाहावा, वरच्या पात्रात उतरू नये. जुलै 2011 मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेले लोक येथे वाहून गेले होते.

उन्हाचा कडाका टाळण्यासाठी दहापर्यंत परतीला लागावे. सायकल पुन्हा कॅरिअरवर चढवण्यापूर्वी दोन्ही चाके हळू फिरवून टायरवर बोट फिरवावे आणि रुतलेले काटे तेथेच उपटून काढावेत. ते राहिले तर दुसऱ्या दिवशी घरी ट्यूब बसलेली सापडते.