कोल्हापुरात आयरिस लावायची तर लुइझियाना

आयरिस म्हणून फोटोत बहुतेक वेळा दिसते ती बिअर्डेड आयरिस, पाकळीवर दाढीसारखा केसाळ पट्टा असलेली. कोल्हापुरात तिच्या नादी लागू नका. कळी धरायला तिला काही आठवडे कडाक्याची थंडी लागते आणि आपल्याकडे जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण १४-१५ अंशांवर असतो. पन्हाळ्यावर हवा थोडी गार, पण तीही पुरत नाही. शिवाय तिचा कंद मातीवर उघडा, उन्हात तापत राहावा लागतो. आपल्या पावसाळ्यात तो कुजतोच.

लुइझियाना आयरिस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलीतली. पायाशी पाणी साचलं तरी तिला चालतं, थंडीचा हट्ट नाही.

बहुतेकांचं चुकतं ते मातीत. नदीकाठच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत तिला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, ते तिथेच अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (चुनखडीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह), पाकिटावरच्या मात्रेत, मुळाशी द्या. त्याहून बरं म्हणजे मुळातच आजरा-राधानगरीकडची जांभ्याची तांबडी माती वापरणं. ही माती दोन घमेली, मुरलेलं शेणखत एक, कोकोपीट एक. चुलीतली राख, चुना, हाडांचा चुरा यातलं काहीही घालू नका.

पावसाचा जोर ओसरला की, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, लावणी करा. कंद आल्यासारखा आडवा वाढतो. पानं १५-२० सेंटिमीटरवर छाटा, कंद आडवा ठेवून वर २-३ सेंटिमीटर माती ओढा. कोंबाचं तोंड मोकळ्या जागेकडे हवं, कारण झाड त्याच दिशेने सरकतं. दोन कंदांत ४५ सेंटिमीटर अंतर, आणि रोज सहा तास ऊन. सावलीत पानं माजतात, फूल येत नाही. जागा नसेल तर बिनभोकाचा पसरट टब घ्या, मातीवर ५ सेंटिमीटर पाणी ठेवा. डासांसाठी त्यात चार गप्पी मासे सोडा.

हिवाळा हा तिच्या वाढीचा काळ, तेव्हा माती एकदाही सुकू देऊ नका. लावणीनंतर महिन्याने आणि पुन्हा जानेवारीत झाडामागे दोन मुठी शेणखत. एप्रिल-मेमध्ये पानांची टोकं करपतात, वाढ थांबते; झाड मेलं समजून उपटू नका. बुंध्याभोवती उसाचं पाचट ५-७ सेंटिमीटर पसरा आणि ओल टिकवा. उघडा कंद उन्हाने भाजतो.

एका कंदाला फूल एकदाच येतं. पुढच्या वर्षी फुलतात ती त्याच्या बाजूची पिल्लं, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडून ती वेगळी लावा.

कंद मऊ पडून घाण वास आला तर ती जिवाणूंची कूज. चमच्याने पांढरा, कडक गर लागेपर्यंत खरवडा, दिवसभर वाळवा, मगच परत लावा. पानांवर तांबेरा दिसला तर ती पानं कापून जाळा.

एवढीही देखभाल जमणार नसेल तर डाएटिस लावा. ती आयरिसच्याच कुळातली, आफ्रिकेतली. फुलं लहान, पण काटक.

छाटलेली पानं आणि कंद वैरणीत जाऊ देऊ नका; जनावरांना ते विषारी असतात.