इंग्रजीचं कॉम्प्लेक्स सेंटेन्स : 'जेव्हा' ठेवा, 'तेव्हा' सोडा

संध्याकाळी नागपुरात माझ्याकडे दहावी-बारावीची पोरं इंग्रजीला येतात, नंदनवनची, हुडकेश्वरची, एकदोन तर पार कामठीहून. मराठी मीडियमच्या पोरांचं मी एक पाहून राहिली, टेन्स जमते, स्पेलिंग जमते, पण 'रीराइट अ‍ॅज अ कॉम्प्लेक्स सेंटेन्स' असं दिसलं की पेन थांबते. नावातच 'कॉम्प्लेक्स' आहे नं, पोरं तिथेच घाबरतात. मी पहिल्या दिवशी सांगते, बापा, तू सकाळपासून पन्नास कॉम्प्लेक्स सेंटेन्स बोलून बसला आहेस. 'पोहेवाला आला की मला उठव', हे झालं एक. 'जो आधी येईल त्याला खिडकीची सीट', हे दुसरं.

मराठीत याला मिश्र वाक्य म्हणतात. एक मुख्य वाक्य जे एकटं उभं राहू शकते, आणि त्याला टेकलेलं एक गौण वाक्य, कधी दोन, कधी तीन. गौण कोणतं हे ओळखायला मी 'मग?' लावायला सांगते. तो तुकडा एकटा मोठ्याने म्हणा, आणि ऐकणाऱ्याने 'मग?' विचारलं तर ते गौण. 'बिकॉज इट वॉज रेनिंग.' मग? पुढे काय? म्हणून तिथे फुलस्टॉप देता येत नाही, आणि पेपरात पोरं नेमका तिथेच देतात. अँड, बट, ऑर, सो यांनी जोडलेली वाक्यं मात्र दोन्हीकडून आपापल्या पायावर उभी असतात, ती कंपाउंड, त्यांना इथे आणू नका.

आता मुख्य गोष्ट. आपली मराठी जोडीने चालते. जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी, जो-तो, जिथे-तिथे. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी जोडीतला पहिलाच लागते, दुसरा सोडून द्यायचा. पोरगं डोक्यात 'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो' म्हणते आणि 'तरी'साठी काहीतरी पाहिजे म्हणून लिहून टाकते, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' तो बट काढा, वाक्य बरोबर झालं. तसंच 'बिकॉज आय वॉज सिक, सो आय डिडन्ट कम', यातला सो काढा. 'व्हेन' आला की 'देन' नको. 'इफ'सोबत 'देन' चालते, पण नसला तरी काही बिघडत नाही, म्हणून मी तोही टाळायला सांगते, सवय एकच राहते.

एक जोडी मात्र इंग्रजीतही जशीच्या तशी राहते, 'इतकं की'. 'ऊन इतकं होतं की डांबर वितळलं', हे मे महिन्यात नागपुरात कोणाला समजवून सांगावं लागत नाही. 'इट वॉज सो हॉट दॅट द टार मेल्टेड.' सो पण पाहिजे, दॅट पण पाहिजे. बोर्डाच्या पेपरातलं 'रिमूव्ह टू' ('हॉट'च्या आधीचा, 'अति' या अर्थाचा टू काढा) इथूनच सुटते, 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक' याचं 'द टी इज सो हॉट दॅट वी कॅनॉट ड्रिंक इट'. मूळ वाक्यात 'नाही' कुठे दिसत नव्हतं, पण अर्थात होतं, म्हणून कॅनॉट येते.

पुढची चूक 'विल'ची. 'जेव्हा मी पोचेन तेव्हा फोन करीन' असं डोक्यात आलं की हात आपोआप लिहिते, 'व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू.' पण आपण घरी खरंच असं बोलतो का? आपण म्हणतो, 'पोचलो की फोन करतो.' अजून पोचलो नाही, तरी 'पोचलो'. म्हणजे अशा जागी मराठीलाही भविष्यकाळ नको असते! इंग्रजी तिथे साधा वर्तमानकाळ घेते, 'व्हेन आय रीच, आय विल कॉल यू.' व्हेन, इफ, अनटिल, अ‍ॅज सून अ‍ॅज यांनी सुरू होणाऱ्या अशा वेळेच्या आणि अटीच्या तुकड्यात विल ठेवायचा नाही, तो मुख्य वाक्यात जाते. आणि 'अनलेस'च्या पोटात 'नाही' आधीच आहे, म्हणून 'अनलेस यू डोन्ट स्टडी' चुकीचं, 'अनलेस यू स्टडी, यू विल फेल' बरोबर.

'म्हणाला की'मधला 'की' सोपा वाटते, कारण हा 'की' म्हणजे दॅट ('पोचलो की'मधला व्हेन होता), जोडीची भानगड नाही. पण त्यात एक खड्डा आहे. आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' मराठीत 'मी' म्हणजे तोच, कोणाला शंका येत नाही. हेच जसंच्या तसं लिहिलं, 'ही सेड दॅट आय विल कम', की इंग्रजीत येणारे तुम्ही झालात, अर्थच पलटला. तिथे 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे' पाहिजे. दॅट लिहायच्या आधी स्वतःला विचारा, हा 'मी' कोण?

आता जो-तो, ज्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. 'जो मुलगा काल आला होता तो माझा भाऊ आहे.' मराठीत 'जो'चं वाक्य बहुतेक वेळा आधी येते. इंग्रजीत आधी माणूस उभा करा, मग त्याला चिकटूनच हू लावा, 'द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर.' माणसाला हू, वस्तूला विच किंवा दॅट, जागेला व्हेअर. 'दीक्षाभूमी इज द प्लेस व्हेअर डॉक्टर आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन १९५६', हे वाक्य मी दरवर्षी देते, कारण पोरं तिथे जाऊन आलेली असतात आणि व्हेअर कुठे बसला हे त्यांच्या लक्षात राहते.

अडचण अशी, की आपण रोज 'जो-तो' म्हणतोच कुठे? आपण म्हणतो 'काल आलेला मुलगा', 'मी घेतलेली सायकल', 'बर्डीवर चपला विकणारा माणूस'. 'जो' दिसतच नाही, मग पोरांना कळत नाही की इथे हू लागणार. म्हणून -लेला, -णारा दिसला की थांबा, तो 'जो'त उघडा, मग इंग्रजी करा. 'मी घेतलेली सायकल' म्हणजे 'जी सायकल मी घेतली ती', म्हणजे 'द सायकल दॅट आय बॉट'. इथे 'बॉट इट' लिहू नका, दॅट आला म्हणजे सायकल येऊन गेली. (वर चहाच्या वाक्यात 'इट' होता, पण तिथला दॅट 'की'वाला आहे, तो कोणाच्या जागी बसत नाही.)

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात आला तर तो प्रश्नासारखा राहत नाही. 'तो कुठे आहे?' आणि 'तो कुठे आहे मला माहीत नाही', मराठीत दोन्हीकडे 'तो कुठे आहे' तसंच. इंग्रजीत एकटा असताना 'व्हेअर इज ही', पोटात गेला की 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'.

लिहिणं झालं, आता वाचायचं. पॅसेजमध्ये लांब वाक्य आलं तर पहिल्या शब्दापासून अर्थ लावत बसू नका, आधी क्रियापदं मोजा, काळ दाखवणारी. 'द ट्रेन विच लीव्हज इन द ईव्हनिंग हॅड गॉन व्हेन वी रीच्ड द स्टेशन बिकॉज द रोड वॉज जॅम्ड.' लीव्हज, हॅड गॉन, रीच्ड, वॉज जॅम्ड, चार. जोडणारे शब्द विच, व्हेन, बिकॉज, तीन. जोडणाऱ्यांपेक्षा क्रियापद एक जास्त, आणि ज्याच्या तुकड्याच्या सुरुवातीला जोडणारा शब्द नाही ते मुख्य, इथे 'द ट्रेन हॅड गॉन'. गाडी गेली होती, झालं, बाकी सगळं त्याला टेकलेलं. हिशेब जुळला नाही तर समजा कुठेतरी दॅट लपलेला आहे, इंग्रजी तो पुष्कळदा गाळते, 'आय थिंक ही इज इल' सारखा.

स्वल्पविरामाचं थोडक्यात, व्हेन-इफ-ऑल्दोवालं गौण वाक्य आधी आलं तर त्याच्या शेवटी स्वल्पविराम, नंतर आलं तर बहुतेक वेळा नको.

आज रात्री घरी कोणी बोललेली पाच वाक्यं वहीत मराठीत उतरवा, जशी बोलली तशीच, सुधरवू नका. प्रत्येकात 'की', 'तर', -लेला, -णारा शोधून गोल करा आणि मगच इंग्रजीला हात लावा. पहिलं मी देते, 'मेट्रोत भेटलेली बाई म्हणाली की मी तुझ्या आईला ओळखते.' यात -लेली पण आहे, 'की' पण आहे आणि तो 'मी' पण आहे. तुमचं उत्तर लिहून झालं की याच्याशी ताडून बघा, 'द वुमन हू मेट मी इन द मेट्रो सेड दॅट शी न्यू माय मदर.'